आतले किरणोपचार आणि शेजारचे अवयव : वाचकांचे प्रश्न

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शरीराच्या आत नळ्या बसवून जे किरणोपचार दिले जातात, म्हणजे ब्रॅकीथेरपी, त्यांच्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांमागची काळजी एकच आहे : अर्बुदाला किरण मिळताना मूत्राशय, गुदाशय आणि आतडी यांचे काय होणार? त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे. उत्तरांतील आकडे समज वाढावी म्हणून दिले आहेत. प्रत्येक रुग्णाचा हिशेब वेगळा असतो आणि तो तिच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यायला हवा.

प्रश्न : माझ्या आईचे बाहेरून द्यायच्या किरणोपचारांचे २५ भाग आणि त्यासोबतची आठवड्याची केमोथेरपी पूर्ण झाली. आता आतून चार वेळा ‘लाईट’ द्यायचे आहेत. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय अगदी चिकटून असतात असे आम्हाला चित्र काढून दाखवले. मग त्यांना किरण लागणार नाहीत, हे कसे शक्य आहे? त्यांच्यावर शिशाचे आवरण घालता येत नाही का?

उत्तर : या अवयवांना किरण लागणारच नाहीत असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. ते लागतात. किती लागतात, किती मोठ्या भागाला लागतात आणि ते सोसण्याजोगे आहेत का, हे आधी मोजून मगच उपचार देणे म्हणजे या अवयवांचे रक्षण.

शिशाचा विचार तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे आणि पूर्वी त्या दिशेने प्रयत्नही झाले. योनिमार्गात बसवायच्या काही जुन्या उपकरणांत मूत्राशय आणि गुदाशय यांच्या बाजूला टंगस्टनचे आडोसे बसवलेले असत. परंतु इरिडियम-१९२ या किरणस्रोतापासून निघणारे गॅमा किरण अडवायला बऱ्यापैकी जाड धातू लागतो आणि त्या अरुंद जागेत तो मावत नाही. शिवाय असा धातू आत असला की सीटी स्कॅनचे चित्र बिघडते, आणि आजच्या उपचारांचा सगळा भर त्या चित्रावर आहे. म्हणून आता मुख्य भिस्त अंतरावर ठेवली जाते.

अंतराचा प्रभाव किती असतो ते पाहा. एका लहान स्रोतापासून २ सेंटिमीटरवर जेवढी मात्रा पोहोचते, तिच्या साधारण चौथा हिस्साच ४ सेंटिमीटरवर पोहोचतो. गुदाशयाची भिंत २ सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरवर ढकलता आली, तर तिला मिळणारी मात्रा एक तृतीयांशाहून अधिक घटते. प्रत्यक्षात स्रोत एका जागी न थांबता नळीत अनेक ठिकाणी थांबत जातो, त्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो. तरी अर्धा सेंटिमीटर जागा मिळवण्यासाठी डॉक्टर इतके कष्ट का घेतात, हे यावरून लक्षात यावे. किरण लवकर विरळ होतात हाच ब्रॅकीथेरपीचा मोठा गुण आहे. अर्बुदाच्या पोटात मात्रा खूप जास्त असते आणि बाहेर पडताच ती झपाट्याने उतरते.

दुसरा भाग मात्रेच्या विभागणीचा आहे. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. तुमच्या आईला बाहेरून बहुधा रोज १.८ ग्रे याप्रमाणे एकूण ४५ ग्रे मिळाले असतील, कारण २५ भागांची ती प्रचलित रीत आहे. आतून देताना मात्र एकेका वेळी ७ ग्रेच्या आसपास मात्रा दिली जाते, आणि एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेला सगळ्या ऊती सारखा प्रतिसाद देत नाहीत. रोजच्या २ ग्रेच्या परिमाणात रूपांतर केले, तर ७ ग्रेचा एक भाग अर्बुदावर सुमारे १० ग्रेइतके काम करतो. तेच ७ ग्रे गुदाशयाच्या भिंतीवर पडले, तर उशिरा दिसणाऱ्या इजेच्या दृष्टीने ते १४ ग्रेच्या बरोबरीचे ठरतात. म्हणजे मोठी मात्रा निरोगी ऊतींना अधिक महागात पडते.

आता चारही भागांची बेरीज करू. बाहेरच्या उपचारांमुळे गुदाशयाच्या खात्यावर सुमारे ४३ ग्रे आधीच जमा आहेत. आतल्या उपचारांच्या चारही वेळी त्याच्या भिंतीला ७-७ ग्रे मिळाले, तर एकूण बेरीज ९९ च्या आसपास जाईल, आणि ते धोक्याचे आहे. प्रत्येक वेळी ती मात्रा ४ ग्रेवर रोखता आली, तर बेरीज ६५ च्या जवळपास थांबते. ७ ऐवजी ४ म्हणजे मात्रा निम्म्याहून थोडी जास्तच राहिली, पण इजेच्या हिशेबात ती १४ वरून साडेपाचवर आली. अंतराने साधलेली बचत भिंतीपर्यंत पोहोचेतोवर अशी दुणावते.

हे आकडे अवयवाच्या सरासरी मात्रेचे नसतात. ज्या भागाला सर्वाधिक किरण लागतात तेवढे २ घनसेंटिमीटर वेगळे काढून त्यांची मात्रा पाहतात, कारण व्रण आणि रक्तस्राव तेथेच होतात. युरोपातील एम्ब्रेस या मोठ्या अभ्यासमालिकेतून पुढे आलेली आणि आज बऱ्याच ठिकाणी पाळली जाणारी उद्दिष्टे अशी आहेत : या २ घनसेंटिमीटरसाठी एकूण मात्रा मूत्राशयात शक्यतो ८० ग्रेच्या आत आणि काही झाले तरी ९० च्या आत ठेवायची, गुदाशयात शक्यतो ६५ च्या आत, फार तर ७५, सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणदार भागात आणि इतर आतड्यांत शक्यतो ७० च्या आत, फार तर ७५. अर्बुदाच्या मुख्य भागाला मात्र ८५ किंवा त्याहून अधिक ग्रे मिळायला हवेत. आईच्या डॉक्टरांना हे चार आकडे प्रत्येक वेळेनंतर विचारायला संकोच करू नका. ते त्यांच्याकडे लिहिलेले असतात.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे. आतल्या उपचारांची पहिली वेळ झाली. आधी एनिमा, मग लघवीची नळी, त्या नळीतून मोजून पाणी भरणे, योनिमार्गात गॉझच्या पट्ट्या ठासून भरणे आणि मग काही तास न हलता पडून राहणे, हे सगळे फार जड गेले. गॉझ काढताना तर डोळ्यांत पाणी आले. पुढच्या वेळी गॉझ कमी भरा, असे मी सांगू शकते का?

उत्तर : तुम्ही जे सोसले ते थोडे नव्हते, आणि वेदना झाल्या हे डॉक्टरांना स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त मागणी थोडी बदला. गॉझ कमी भरा असे न म्हणता, दुखणे कमी करा असे म्हणा. पाठीतून दिलेली भूल, शिरेतून दिलेली गुंगी, नळ्या आणि गॉझ काढण्याच्या बऱ्याच आधी दिलेले वेदनाशामक, काढण्यापूर्वी गॉझ सलाइनने ओली करून सैल होऊ देणे, असे अनेक मार्ग आहेत. ‘पहिल्या वेळी मला काढताना फार दुखले, या वेळी आधी औषध द्या’ एवढे एक वाक्य भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकेला प्रक्रियेच्या आधीच सांगून ठेवा.

गॉझ कमी करा असे का म्हणू नये, ते सांगते. तुमच्या गर्भाशयात एक बारीक वक्र नळी असते आणि गर्भाशयमुखाला टेकून दोन लहान कुप्या किंवा एक कडे बसवलेले असते. त्यांच्या पुढच्या बाजूला भरलेली गॉझ मूत्राशयाला पुढे सारते, मागच्या बाजूची गॉझ गुदाशयाला मागे सारते, आणि खालची गॉझ सगळे उपकरण सरकू न देता जागच्या जागी धरून ठेवते. वरच्या उत्तरात ज्या अर्ध्या सेंटिमीटरचा हिशेब केला, तो तुमच्या शरीरात या पट्ट्यांनी साधला जातो. काही ठिकाणी गॉझऐवजी किंवा गॉझबरोबर गुदाशयाला मागे रेटणारी चपटी पट्टी अथवा फुगवता येणारा फुगा वापरतात. गॉझ भरणे हे कौशल्याचेच काम आहे. एखादी पट्टी चुकून कुपी आणि गर्भाशयमुख यांच्या मधे शिरली, तर उपकरण खाली ढकलले जाते आणि अर्बुदालाच मात्रा कमी पडते. म्हणून डॉक्टर पट्टी डोळ्यांनी पाहत, थोडी थोडी करून भरतात आणि त्यात वेळ जातो.

एनिमाने गुदाशय रिकामा होतो. मळाने किंवा वायूने तो फुगला, तर त्याची पुढची भिंत स्रोताच्या जवळ सरकते आणि गॉझने केलेले काम वाया जाते. आदल्या दिवशी तंतुमय आणि वायू धरणारे पदार्थ टाळायला सांगतात, त्याचे कारणही हेच.

मूत्राशयात मोजून पाणी का भरतात, हा प्रश्न अनेक जणी विचारतात. भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलते, हा फायदा. पण ते फार ताणले, तर त्याची स्वतःची भिंत जास्त मात्रा घेऊ शकते, हा तोटा. या दोहोंचा मेळ प्रत्येक विभाग आपल्या पद्धतीने घालतो : कोणी मूत्राशय रिकामे ठेवतात, कोणी ठरावीक मिलिलिटर भरतात. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की स्कॅनच्या वेळी जेवढे पाणी होते तेवढेच उपचाराच्या वेळी असले पाहिजे. स्कॅननंतर आराखडा तयार व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात मूत्राशय आपोआप भरत जाते आणि स्कॅनमध्ये पाहिलेली जागा बदलते. नळीचा चाप कोणी उघडा किंवा बंद विसरला असे वाटले, ओटीपोटात तडस लागली, तर गप्प राहू नका, लगेच सांगा. तसेच खोकल्याची उबळ, उलटीची भावना किंवा काहीतरी खाली सरकल्याची जाणीव झाली, तर तेही सांगा. नळ्या काही मिलिमीटर सरकल्या, तरी मात्रेत फरक पडतो. तुमचे न हलणे आणि तुमचे वेळेवर सांगणे हा या रक्षणातला मोठा भाग आहे. तो दुसरे कोणी तुमच्यासाठी करू शकत नाही.

यंत्राने स्रोत परत आत ओढून घेतला आणि नळ्या काढल्या की तुमच्या शरीरात किरणोत्सारी काहीही उरत नाही. घरी लहान मुलांना जवळ घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : पत्नीच्या पहिल्या दोन वेळा व्यवस्थित पार पडल्या. तिसऱ्या वेळी स्कॅननंतर डॉक्टर म्हणाले की आतडे फार जवळ आले आहे. त्यांनी दोन तास आराखडा बदलण्यात घालवले आणि शेवटी आधीपेक्षा थोडी कमी मात्रा दिली. पहिल्या दोन वेळी काही चूक झाली होती का? आणि आता कर्करोगाला मात्रा कमी पडली का?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या घटनेत मला चूक दिसत नाही, मला त्यात सावधपणा दिसतो. सिग्मॉइड हा आतड्याचा हलता भाग आहे. एका आठवड्यात तो गर्भाशयाच्या टोकापासून दूर असतो, पुढच्या आठवड्यात त्याचे वळण गर्भाशयावर येऊन विसावते. अर्बुदही दर आठवड्याला आक्रसत असते, त्यामुळे सगळी मांडणीच बदलते. याच कारणाने नळ्या आत असताना दर वेळी नवा स्कॅन काढतात आणि त्यावर अर्बुद, मूत्राशय, गुदाशय, सिग्मॉइड आणि आतड्याची वळणे नव्याने आखतात. पहिल्या वेळचा आराखडा तसाच पुढे वापरला असता, तर जवळ आलेले ते आतडे कोणाच्या लक्षातही आले नसते.

ही सोय नेहमी नव्हती. १९३८ मध्ये मँचेस्टर येथे टॉड आणि मेरेडिथ यांनी ‘ए बिंदू’ ठरवला : उपकरणावरील एका ठरलेल्या खुणेपासून २ सेंटिमीटर वर आणि २ सेंटिमीटर बाजूला. कित्येक दशके जगभर मात्रा त्या बिंदूला दिली गेली. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशींनी मूत्राशय आणि गुदाशय यांच्यासाठीही एकेक बिंदू नेमून दिला. मूत्राशयाचा बिंदू शोधायला कॅथेटरच्या टोकाशी असलेल्या फुग्यात ७ घनसेंटिमीटर रंगद्रव फुगवून एक्स-रे काढत. परंतु सर्वाधिक मात्रा झेलणारा भाग त्या बिंदूवरच असेल याची खात्री नसे, आणि सिग्मॉइड तर एक्स-रेवर नीट दिसतही नसे. २००५ आणि २००६ मध्ये युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या आणि बिंदूंची जागा एमआरआय व सीटीवर आखलेल्या त्रिमितीय आकारांनी घेतली. या पद्धतीने उपचार केलेल्या १३४१ रुग्णांचे एम्ब्रेस अभ्यासातील निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पाच वर्षांनंतर मूळ जागेवरील कर्करोग आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ९२ टक्के होते. अर्बुद आणि अवयव दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून मात्रा घडवली, की एकाला वाचवताना दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही, हे त्यातून दिसले.

आता ‘आराखडा बदलणे’ म्हणजे काय ते. काही मिलिमीटर लांबीचा इरिडियमचा स्रोत एका तारेच्या टोकाला असतो. यंत्र त्याला नळीत पुढे ढकलते आणि तो थोड्या थोड्या अंतरावर काही सेकंद थांबत जातो. कोठे किती सेकंद थांबायचे, हे संगणकावर ठरवता येते. आतडे गर्भाशयाच्या टोकाला टेकले असेल, तर नळीच्या वरच्या टोकाजवळचे थांबे कमी करतात किंवा वगळतात, कारण अर्बुद बहुधा खाली गर्भाशयमुखाशी असते. गुदाशय जवळ असेल, तर मागच्या बाजूचे थांबे आखडतात. अर्बुद एका बाजूला पसरलेले असेल, तर उपकरणातून त्या बाजूला बारीक पोकळ सुया घालून तेवढ्याच भागाला जास्त मात्रा देता येते आणि दुसऱ्या बाजूचे आतडे वाचते. स्कॅनमध्ये नळी गर्भाशयाच्या भिंतीतून पार गेलेली दिसली, तर उपचार थांबवून ती पुन्हा बसवावी लागते. हे टाळण्यासाठी नळी घालताना पोटावरून सोनोग्राफी करतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बेरजेत आहे. एका वेळी मात्रा थोडी कमी दिली, तर चौथ्या वेळी, आतडे दूर असताना, ती भरून काढता येते. डॉक्टरांना असे विचारा : ‘आतापर्यंत अर्बुदाची एकूण मात्रा किती झाली आणि शेवटी ८५ पर्यंत पोहोचेल का?’ पत्नीची पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग होऊन गेला असेल किंवा आतड्याचा दाहाचा जुना आजार असेल, तर तेही पुन्हा एकदा आठवण करून सांगा. अशा वेळी आतडे एका जागी चिकटून बसलेले असू शकते, आणि चिकटलेल्या आतड्याला दर वेळी तीच मात्रा त्याच जागी मिळते. हलत्या आतड्यापेक्षा त्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

प्रश्न : बहिणीला आतल्या उपचारांची फार भीती वाटते. आता नवी अचूक यंत्रे आली आहेत, तर बाहेरूनच वाढीव मात्रा देऊन हे टाळता येणार नाही का?

उत्तर : भीतीपोटी हा टप्पा टाळू नका, असे मी कळकळीने सांगते. बाहेरून येणाऱ्या किरणांना अर्बुदापर्यंत पोहोचण्यासाठी मूत्राशय, गुदाशय, आतडी यांतूनच वाट काढावी लागते. गर्भाशय रोज थोडे हलते, म्हणून भोवती जादा जागाही धरावी लागते. त्यामुळे शेजारच्यांना सांभाळून ८५ ग्रेपर्यंत जाणे बाहेरून साधत नाही. आतला स्रोत अर्बुदातच असतो आणि त्याच्याबरोबरच हलतो. अमेरिकेतील मोठ्या नोंदवह्यांच्या अभ्यासांत ब्रॅकीथेरपी वगळलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले आहे. उपकरण बसवणे खरोखरच अशक्य असेल, तरच दुसऱ्या मार्गांचा विचार होतो. बाहेरचे आणि आतले मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत संपावेत असा प्रयत्न असतो, म्हणून निर्णय लांबवू नका. बहिणीला ज्याची भीती वाटते ते नेमके काय आहे, भूल, वेदना की लाज, हे तिला विचारा आणि तेवढेच घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या प्रत्येकावर काही ना काही करता येते.

प्रश्न : माझे उपचार संपून दीड वर्ष झाले. दोन महिन्यांपासून शौचाच्या वेळी अधूनमधून लाल रक्त दिसते. जवळच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी करून तुकडा काढून तपासायला सांगितले आहे. कर्करोग परत आला असेल का? किरणांनी गुदाशय खराब झाला असेल का?

उत्तर : तपासणी जरूर करून घ्या. पण त्या आधी एक गोष्ट करा : तुमच्यावर ओटीपोटाचे आतले आणि बाहेरचे किरणोपचार झाले आहेत, हे दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा, उपचारांचा कागद दाखवा आणि शक्य असल्यास तुमच्या किरणोपचारतज्ज्ञांशी त्यांचे बोलणे करून द्या. याचे कारण गंभीर आहे. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा जो भाग गर्भाशयमुखाला लागून असतो, त्यातील बारीक रक्तवाहिन्या किरणांमुळे हळूहळू अरुंद होतात आणि तेथील जखम भरून यायची शक्ती कमी होते. तेथून तुकडा काढला, तर ती लहानशी जखम न भरता व्रण होऊ शकतो, आणि क्वचित गुदाशय व योनिमार्ग यांच्यात आरपार छिद्र पडू शकते. म्हणून किरणे लागलेल्या पुढच्या भिंतीचा तुकडा केवळ रिवाज म्हणून काढू नये. खरोखर संशयास्पद गाठ दिसली, तरच अनुभवी हातांनी तो काढावा.

तुम्ही सांगता तसा रक्तस्राव उपचारांनंतर साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या काळात सुरू होताना दिसतो. आतले अस्तर पातळ होते, त्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी उमटते आणि कडक मळ घासला की त्यातून रक्त येते. दुर्बिणीतून ही जाळी पाहूनच ओळखता येते. मूळव्याध, आतड्यातील गाठी आणि कर्करोग पुन्हा उद्भवणे या शक्यता मात्र तपासूनच बाजूला ठेवाव्या लागतात, म्हणून ‘हे किरणांचेच असेल’ असे समजून घरी बसू नका.

एम्ब्रेस अभ्यासात गुदाशयाच्या मात्रेचा आणि अशा त्रासाचा संबंध तपासला गेला. सर्वाधिक मात्रा झेलणाऱ्या २ घनसेंटिमीटरची बेरीज ६५ ग्रेच्या आत राहिली, तेव्हा त्रास कमी आणि सौम्य होता. ७५ च्या वर गेली, तेव्हा गंभीर त्रासाचे आणि छिद्र पडण्याचे प्रमाण वाढले. तुमच्या कागदांतील हा आकडा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या उपयोगाचा आहे. सौम्य रक्तस्राव बऱ्याचदा काळाने कमी होतो. तोवर मळ मऊ राहील असे पाहायचे, हिमोग्लोबिन तपासायचे आणि गरज पडली तर सुक्राल्फेटचा एनिमा घ्यायचा. रक्त थांबत नसेल, तर दुर्बिणीतून आरगॉन वायूच्या साहाय्याने त्या वाहिन्या जपून जाळतात, आणि निवडक रुग्णांत उच्च दाबाच्या प्राणवायूचा उपचारही देतात. तुम्ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका, आधी विचारा. तंबाखू किंवा धूम्रपान असेल, तर ते सोडा, कारण धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत किरणोपचारांनंतर आतड्याचे त्रास अधिक आढळले आहेत.

हेच मूत्राशयालाही लागू आहे, फक्त तेथील त्रास आणखी उशिरा, कधी कधी बऱ्याच वर्षांनीही, डोके वर काढतो. लघवीतून रक्त आले, तर आधी जंतुसंसर्ग तपासतात, मग दुर्बीण; तेथेही तुकडा काढण्याबाबत तीच सावधगिरी. योनिमार्गातून मळ किंवा वायू येऊ लागला, अथवा लघवी सतत आपोआप पाझरू लागली, तर मात्र पुढच्या नियोजित भेटीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

प्रश्न : हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचे धैर्य झाले नाही, म्हणून लिहीत आहे. सगळे मूत्राशयाबद्दल आणि आतड्यांबद्दल सांगतात. योनिमार्गाचे काय? माझे वय ३९ आहे, उपचार संपून तीन आठवडे झाले आहेत.

उत्तर : तुम्ही विचारले हे फार चांगले केले. उपकरण योनिमार्गाच्या वरच्या भागालाच टेकलेले असते, म्हणून आतल्या उपचारांत सर्वाधिक मात्रा त्याला मिळते, आणि तरीही बराच काळ रक्षणाच्या चर्चेत त्याला जागा नव्हती. योनिमार्गाचे अस्तर पुष्कळ मात्रा सोसते. तरी पुढे ते कोरडे पडणे, आखूड व अरुंद होणे, भिंती एकमेकींना चिकटणे हे घडू शकते. अलीकडे आराखडा करतानाच कुप्यांमधील किंवा कड्यातील थांब्यांचा वेळ कमी करून गर्भाशयातील नळीत आणि सुयांत तो वाढवतात, म्हणजे अर्बुदाची मात्रा न घटवता योनिमार्गाची मात्रा उतरते.

तुमच्या बाबतीत आता वेळ योग्य आहे. उपचार संपल्यावर साधारण चार आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर, योनिमार्ग मोकळा ठेवण्यासाठी डायलेटर, म्हणजे दांड्याच्या आकाराचे गुळगुळीत साधन, आठवड्यातून दोन-तीन वेळा काही मिनिटे वापरायला सांगतात, आणि ते निदान ९ ते १२ महिने चालू ठेवायचे असते. सुरुवात सर्वांत लहान आकाराने करायची, पाण्यात मिसळणारे वंगण भरपूर लावायचे, जोर करायचा नाही. किंचित रक्ताचा डाग दिसू शकतो; जास्त रक्त आले किंवा तीव्र दुखले, तर थांबून दाखवायचे. हे शरीरसंबंध असो वा नसो सर्वांसाठी आहे, कारण पुढच्या प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना गर्भाशयमुखापर्यंत पाहता यायला हवे. शरीरसंबंध पुन्हा सुरू करायलाही डॉक्टरांनी तपासून सांगितल्यानंतर हरकत नसते. त्याने कर्करोग जोडीदाराला लागत नाही आणि परतही येत नाही.

तुमचे वय पाहता आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बीजांडकोश वेळीच शस्त्रक्रियेने वर हलवले नसतील, तर बाहेरच्या किरणोपचारांनी त्यांचे काम थांबते आणि रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा येणे, झोप उडणे, कोरडेपणा वाढणे ही त्याची लक्षणे आहेत. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांत, म्हणजे ज्यांना स्क्वॅमस प्रकारचे म्हणतात त्यांत, संप्रेरके घेण्याला सहसा आडकाठी नसते, आणि तुमच्या वयात ती हाडांसाठीही उपयोगी ठरतात. गर्भाशय जागेवर असल्यामुळे इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेनही द्यावे लागते. तुमच्या तपासणी अहवालावर कर्करोगाचा प्रकार लिहिलेला असेल. पुढच्या भेटीला तो कागद आणि हे पत्र दोन्ही सोबत न्या. तोंडाने विचारणे जड जात असेल, तर पत्र डॉक्टरांच्या हातात द्या. तेवढे पुरेसे आहे.